कठड्याशी उभ्या चाहत्याचा दोष काय?

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या मैदानांचे दरवाजे साधारणपणे सामन्याच्या दीड-दोन तास आधी उघडतात. सर्वांत आधी आत शिरणारी माणसे आपल्या खुर्च्यांकडे वळत नाहीत; ती थेट खाली, मैदानाला लागून असलेल्या कठड्याकडे धावतात. कुणाच्या हातात चेंडू असतो, कुणाच्या हातात टोपी किंवा प्लास्टिकच्या पाकिटात जपलेले कार्ड, आणि प्रत्येकाच्या खिशात पेन. सराव आटोपून डगआउटकडे परतणारा खेळाडू कठड्याच्या बाजूने आला तर त्याची सही घ्यायची, एवढ्यासाठी ही धावपळ. ही प्रथा शंभर वर्षांची तरी आहे. गेली तीस-चाळीस वर्षे मात्र तिच्यावर एकच आरोप होत आला आहे: सही मागणारा आता चाहता राहिलेला नाही, तो व्यापारी झाला आहे. दुपारी घेतलेली सही तो रात्री विकायला काढतो, त्यामुळे खेळाडूने पाठ फिरवली तर खेळाडूला बोल लावू नये. हे खेळाडू म्हणतात, क्रीडा वार्ताहर म्हणतात, आणि आपल्या लहानपणी असे नव्हते अशी खंत करणारे जुने प्रेक्षकही म्हणतात. या आरोपात तथ्याचा अंश आहे, पण निष्कर्ष साफ चुकीचा आहे. सहीचा बाजार कठड्यावर जन्मला नाही. तो खेळाच्या आतल्या गोटात उभा राहिला, आतल्याच लोकांनी तो वाढवला, आणि त्याचे खापर फोडायला सगळ्यांत दुबळा माणूस निवडला गेला.

बेसबॉलमध्ये सहीला एवढे महत्त्व का, हे क्रिकेटवर वाढलेल्या मराठी वाचकाला चटकन उमगत नाही. वानखेडेवर भारतीय संघ वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या वेळी उतरतो. मेजर लीगचा संघ एका मोसमात १६२ सामने खेळतो आणि त्यांतले ८१ आपल्या गावच्या मैदानावर. म्हणजे उन्हाळाभर जवळजवळ निम्म्या संध्याकाळी तीच माणसे त्याच हिरवळीवर असतात. खेळाडू पाहुणा राहत नाही, गावचा होऊन जातो. दुसरा फरक चेंडूचा. क्रिकेटमध्ये प्रेक्षकांत गेलेला चेंडू परत फेकावा लागतो. बेसबॉलमध्ये तो ज्याच्या हाती पडला त्याचा. हा हक्कही कुणी ताटात वाढून दिलेला नाही. १९२१ साली न्यूयॉर्क जायंट्सच्या मैदानावर एका प्रेक्षकाने झेललेला चेंडू परत द्यायला नकार दिला, तेव्हा त्याला बाहेर काढण्यात आले. त्याने संघाला कोर्टात खेचले आणि तो जिंकला. खेळातली एखादी वस्तू घरी नेता येते, तिच्यावर खेळाडूच्या हातची खूण असू शकते, ही समजूत या खेळाच्या रक्तात आहे. सही मागणे हा बाहेरून चिकटलेला छंद असल्यासारखे जे बोलतात, त्यांना हा इतिहास तरी ठाऊक नसावा किंवा तो सांगायचा नसावा.

सही घेतली जाते ती कशी, हे एकदा जवळून पाहिले पाहिजे. चेंडू पांढऱ्या कातड्याचा, त्यावर लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके. टाक्यांच्या दोन रांगा एका ठिकाणी एकमेकींच्या अगदी जवळ येतात आणि मध्ये बोटभर रुंदीची गुळगुळीत पट्टी उरते. तिला ‘स्वीट स्पॉट’ म्हणतात. एकाच खेळाडूची सही घ्यायची असेल तर ती तिथे. सगळ्या संघाच्या सह्या असतील तर ती जागा रिवाजाप्रमाणे मॅनेजरसाठी मोकळी ठेवतात. जाड मार्करची शाई कातड्यात पसरते, म्हणून जाणकार चाहता साधे निळे बॉलपेनच पुढे करतो. खेळाडूजवळ टेबल नसते. एका हाताच्या पंजात चेंडू धरून, गोल पृष्ठभागावर, उभ्या उभ्या तो नाव लिहितो. त्याला पाच-सात सेकंद पुरतात. मग चाहता तो चेंडू फक्त टाक्यांवर बोटे टेकवून धरतो, शाई वाळेपर्यंत कशालाही लागू देत नाही. या सगळ्या व्यवहारात पैसा कुठेच नसतो. ज्या माणसाला आजवर दुरून पाहिले तो हाताच्या अंतरावर येऊन थांबला, त्याने मान वर करून पाहिले, कदाचित नावही विचारले, यासाठी माणसे तासभर ताटकळतात.

आरोप करणारे पहिला दाखला देतात तो सुवर्णकाळाचा. पूर्वी खेळाडू मनमोकळे होते आणि चाहते निर्मळ, असे चित्र रंगवले जाते. त्या काळचा सर्वांत लाडका खेळाडू बेब रूथ याचे उदाहरण हमखास येते, आणि ते खरेही आहे. रूथ मुलांच्या घोळक्यात उभा राहून सह्या देत असे. १९२६ च्या वर्ल्ड सीरिजच्या, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेच्या वेळी न्यू जर्सीतल्या जॉनी सिल्व्हेस्टर या आजारी मुलाकडे खेळाडूंच्या सह्यांचे चेंडू पाठवण्यात आले. रूथने त्याच्यासाठी होम रन मारण्याचा शब्द दिला होता आणि चौथ्या सामन्यात त्याने तीन मारले. पण त्याच काळातल्या दुसऱ्या गोष्टी सांगायच्या राहतात. ‘शूलेस’ जो जॅक्सनला लिहिता-वाचता येत नव्हते आणि त्याच्या नावाने बहुतेक वेळा त्याची पत्नी सही करी. संघाच्या सह्या म्हणून भेट दिलेल्या चेंडूंवरची कित्येक नावे क्लबहाउसमधल्या नोकरांनी लिहिलेली असत. १९७० साली पिचर जिम बाउटनने ‘बॉल फोर’ हे पुस्तक लिहिले, त्यात त्याने संघातला तारा मिकी मँटल सही मागणाऱ्या पोरांच्या तोंडावर बसची खिडकी कशी बंद करी हे सांगितले, आणि मँटलच्या नावाचे चेंडू क्लबहाउसमधला माणूस सही करून देत असे हेही सांगितले. बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांनी बाउटनला बोलावून पुस्तकातला मजकूर नाकारावा म्हणून दबाव आणला. त्याने नाकारला नाही. तात्पर्य, खेळाडूचा नकार आणि सहीतली फसवणूक या दोन्ही गोष्टी ऑनलाइन लिलावांच्या कितीतरी आधीच्या आहेत. चाहता बिघडला म्हणून खेळाडू दुरावला, हा घटनाक्रमच उलटा आहे.

मग बाजार आला कुठून? १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून आणि १९८० च्या दशकात कार्डांची प्रदर्शने गावोगावच्या हॉटेलांत भरू लागली. निवृत्त खेळाडू टेबलामागे बसत, चाहते तिकीट काढून रांगेत उभे राहत आणि प्रत्येक सहीचे पैसे मोजत. हे टेबल चाहत्यांनी मांडले नव्हते. त्यातून किती रोकड फिरत होती हे नंतर कोर्टात उघड झाले. पीट रोझ हा सर्वाधिक हिट्सचा विक्रमवीर. त्याने १९९० मध्ये करचुकवेगिरीचा गुन्हा कबूल केला आणि पाच महिने तुरुंगात काढले. लपवलेल्या उत्पन्नात सह्यांच्या कार्यक्रमांचे आणि स्मृतिवस्तूंच्या विक्रीचे पैसे होते. १९९५ मध्ये ड्यूक स्नायडर आणि विली मकोव्ही या हॉल ऑफ फेममधल्या दोन थोर खेळाडूंनी अशाच कार्यक्रमांतली मिळकत दडवल्याचे मान्य केले. दोघांनाही दंड झाला, दोघांनाही परिवीक्षेवर सोडण्यात आले. मकोव्हीला पुढे २०१७ मध्ये अध्यक्ष ओबामांनी माफी दिली. जो डिमॅजिओने १९४१ च्या आपल्या सलग ५६ सामन्यांत हिट मारण्याच्या विक्रमाच्या स्मरणार्थ १,९४१ बॅटींवर सह्या करण्याचा करार केला.

यांतल्या कुणाचीही निंदा करण्याचे कारण नाही. डिमॅजिओ आणि स्नायडर यांच्या पिढीने आपल्या ऐन उमेदीत संघमालकांच्या मुठीत राहून खेळ केला. १९६७ सालापर्यंत मेजर लीगचे किमान वार्षिक वेतन फक्त ६,००० डॉलर होते आणि संघ बदलण्याचे स्वातंत्र्य खेळाडूंना १९७० च्या दशकाच्या मध्यात मिळाले. उतारवयात त्यांनी आपल्या नावाचे चार पैसे केले तर ते त्यांचे हक्काचेच होते. पण सहीची किंमत ठरवणारे पहिले हात त्यांचे होते, एवढे तरी मान्य झाले पाहिजे. स्वतः दर लावायचा आणि तो दर लक्षात ठेवणाऱ्याला लोभी म्हणायचे, हा न्याय नाही.

यानंतर कंपन्या उतरल्या. १९९० मध्ये अपर डेक कंपनीने रेजी जॅक्सनने स्वतः सही केलेली आणि क्रमांक घातलेली २,५०० कार्डे आपल्या पाकिटांत मिसळली. पाकीट फोडले तर सही निघेल, नाही तर नाही. त्या दिवसापासून सही ही भेटीतून मिळणारी गोष्ट न राहता दुकानात घेतलेल्या पाकिटातून निघणारी गोष्टही झाली. आज ही पद्धत कार्डांच्या धंद्याचा कणा आहे. पिट्सबर्ग पायरेट्सच्या पॉल स्कीन्सने २०२४ मध्ये पदार्पणाच्या सामन्यात बाहीवर लावलेला बिल्ला टॉप्स कंपनीने एका कार्डात बसवला आणि त्यावर स्कीन्सची सही घेतली. असे कार्ड जगात एकच. ते कॅलिफोर्नियातल्या एका ११ वर्षांच्या मुलाला पाकिटात मिळाले आणि मार्च २०२५ मध्ये लिलावात ११ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. त्याआधी पायरेट्सने त्या कार्डाच्या बदल्यात तीस वर्षांची मोसमी तिकिटे देऊ केली होती. एका मुलाच्या हातातल्या सहीला लाखोंचा भाव खुद्द कार्ड कंपनी आणि संघ जाहीरपणे देत असताना, कठड्याशी उभ्या दुसऱ्या मुलाकडे ‘हा विकणार तर नाही?’ अशा नजरेने पाहिले जाते. यातली विसंगती कुणालाच खटकत नाही, हे खेदाचे आहे.

खोट्या सह्यांचा प्रश्न तर चाहत्याची बाजू आणखी भक्कम करतो. सॅन डिएगोचा टोनी ग्विन हा त्या शहराचा लाडका खेळाडू. त्याला आपल्याच नावाच्या, पण आपण कधीही न केलेल्या सह्या विक्रीला ठेवलेल्या दिसल्या आणि त्याने तक्रार केली. एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाने तपास केला आणि १९९९ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात छापे घातले. तिथे खोट्या सह्या करणारे कसबी हात होते, जुना कागद आणि जुने चेंडू पुरवणारे होते, खोटी प्रमाणपत्रे छापणारे होते, आणि माल देशभर पोचवणारे घाऊक व्यापारी होते. पुढच्या काही वर्षांत अशा अनेक टोळ्या मोडल्या गेल्या. जप्त केलेल्या मालात मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉलचा चेंडू होता. कोलकात्यात रुग्णांच्या उशाशी बसणाऱ्या त्या वृद्ध संन्यासिनीच्या नावाने सुद्धा चेंडू विकला जात होता, यावरून हा धंदा कुठल्या थराला गेला होता ते कळते. या सगळ्यात लुबाडला गेला तो सामान्य ग्राहक, म्हणजे तोच चाहता, ज्याने आपल्या आवडत्या खेळाडूची सही म्हणून पदरमोड करून खोटा कागद भिंतीवर लावला.

त्यातून धडा घेऊन मेजर लीगने २००१ मध्ये प्रमाणीकरणाची व्यवस्था सुरू केली. तिचे काम बघण्यासारखे आहे. पोलीस दलात असलेले किंवा तिथून निवृत्त झालेले लोक साक्षीदार म्हणून नेमले जातात. वस्तू वापरली गेली किंवा तिच्यावर सही झाली ती त्यांच्या डोळ्यांदेखत, तरच तिच्यावर क्रमांक असलेले होलोग्रामचे स्टिकर लागते. व्यवस्था उत्तम आहे. पण तिचा एक परिणाम आरोप करणारे विसरतात. कठड्यावर घाईघाईत घेतलेल्या सहीला असा साक्षीदार सहसा मिळत नाही. खासगी कंपन्या नंतर अक्षर तपासून दाखला देतात, त्यासाठी शुल्क घेतात, आणि तो दाखला शेवटी मताचा असतो, डोळ्यांनी पाहिल्याचा नसतो. म्हणजे आज बाजारात सर्वांत भरवशाची आणि म्हणून सर्वांत महाग सही कुठली? लीगच्या आणि कंपनीच्या देखरेखीखाली, करार करून, बंद खोलीत केलेली. कठड्यावरची सही त्या मानाने सर्वांत कच्ची. जो केवळ नफ्याचा हिशेब करतो त्याने कठड्याशी उभे राहण्यात फारसे शहाणपण नाही. तरीही तिथे रोज गर्दी असते, कारण त्या गर्दीतल्या बहुतेकांना नफ्याशी कर्तव्यच नसते.

तिथे विकणारे मुळीच नसतात, असे मात्र म्हणता येणार नाही. ते असतात आणि ओळखू येतात. एकाच खेळाडूची दहा-वीस कार्डे वहीत लावून आणणारे, हॉटेलच्या दारात रोज उभे दिसणारे तेच ते चेहरे, लहान पोरांना पुढे करून त्यांच्याकरवी सह्या गोळा करणारे आणि पोराच्या हातात काही डॉलर टेकवणारे. खेळाडूंची चीड यांच्यावर असेल तर ती रास्त आहे. मुलांना असे वापरणे तर सरळसरळ निंद्य आहे. पण या लोकांवरचे उपाय जुने आहेत आणि सोपे आहेत. सहीच्या वर मागणाऱ्याचे नाव लिहिले की तिचा बाजारभाव पडतो. कितीतरी खेळाडू हे करतात. एकाला एकच सही, हा नियमही अनेकजण पाळतात. कोऱ्या कार्डापेक्षा मळलेल्या टोपीवर किंवा त्या दिवसाच्या तिकिटावर आधी सही देणारे खेळाडू आहेत, कारण मळलेली टोपी विकायला कुणी आणत नाही. एवढे उपाय हाताशी असताना सरसकट सगळ्यांनाच नकार देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. व्यापाऱ्याचे त्यात काही जात नाही. तो उद्या दुसऱ्या हॉटेलच्या दारात उभा राहतो. वर्षातून एकदाच आईबापांचा हात धरून मैदानावर आलेले मूल तेवढे रिकाम्या हातांनी परत जाते.

दुसरा युक्तिवाद वेळेचा. १६२ सामने, सततचा प्रवास, व्यायाम, उपचार, चित्रफितींचा अभ्यास. यात सह्यांना वेळ कुठून आणायचा? हा युक्तिवाद करणाऱ्यांनी बाल्टिमोरच्या कॅल रिपकिनचे १९९५ साल आठवावे. आदल्या वर्षी १२ ऑगस्टला खेळाडूंचा संप सुरू झाला होता आणि त्यापायी वर्ल्ड सीरिजच रद्द झाली. एप्रिलमध्ये खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा लोक संतापलेले होते आणि स्टेडियमे ओस पडली होती. रिपकिन त्या मोसमात लू गेरिगचा सलग २,१३० सामन्यांचा विक्रम मोडण्याच्या मार्गावर होता, म्हणजे एक दिवसही विश्रांती न घेणाऱ्या माणसाचे ते वर्ष. तोच रिपकिन सामने संपल्यावर कठड्याशी थांबून सह्या देत राहिला, कधी कधी तासाहून अधिक. ६ सप्टेंबरला २,१३१ वा सामना झाला तेव्हा बाल्टिमोरच्या प्रेक्षकांनी खेळ थांबवून त्याला जो मान दिला, त्यामागे त्या कठड्यावरच्या रात्रीही होत्या. सगळ्यांनी रिपकिन व्हावे असा आग्रह धरता येणार नाही. दिवसाला दहा मिनिटे मात्र मागता येतात, आणि ती असतात.

मिनेसोटाचा हार्मन किलब्रू आणखी एक गोष्ट शिकवून गेला. सही द्यायची तर वाचता येईल अशी द्यायची, हा त्याचा आग्रह. मिनेसोटाच्याच पुढच्या पिढीतले टोरी हंटर आणि मायकेल कडायर यांनी सांगितले आहे की तरुण वयात त्यांच्या गिचमिड सह्या पाहून किलब्रूने त्यांचे कान धरले होते आणि त्यांनी अक्षर सुधारले. आज अनेक खेळाडूंच्या सहीत पहिले अक्षर आणि पुढे एक लांब रेघ, एवढेच उरले आहे. घरी गेल्यावर दोन वर्षांनी ती कुणाची हे घेणाऱ्यालाही आठवू नये, अशी सही दिली काय आणि न दिली काय. किलब्रूसाठी सही म्हणजे समोरच्या माणसाला दिलेला मान होता. तो मान द्यायला लागणारा जादा वेळ दोन सेकंदांचा.

खेळाडूच्या खासगी आयुष्याची मर्यादा मात्र निर्विवाद आहे. जेवणाचे टेबल, इस्पितळ, मुलांची शाळा, घराचा दरवाजा, इथे सही मागणे गैर आहे आणि तिथला नकार योग्यच. सुरक्षिततेची भीतीही काल्पनिक नाही. १९४९ मध्ये शिकागोच्या एका हॉटेलात एडी वेटकस या खेळाडूवर त्याच्या वेडाने झपाटलेल्या तरुणीने गोळी झाडली होती. पण या दोन्ही मुद्द्यांतून निघणारा निष्कर्ष कठड्याच्या बाजूचा आहे. मैदानातला कठडा ही सही मागण्याची सर्वांत सभ्य आणि सुरक्षित जागा आहे: तिकीट काढून आलेली, दारात तपासणी झालेली माणसे, आजूबाजूला कर्मचारी, ठरलेली वेळ. ती जागा आक्रसली की गर्दी हॉटेलच्या लॉबीत आणि विमानतळावर जाते, आणि तिथे मूल कमी, व्यापारी जास्त असतो.

आणि ती जागा गेल्या काही वर्षांत आक्रसलीच आहे, तीही चाहत्यांच्या कुठल्याही दोषामुळे नव्हे. यजमान संघ फलंदाजीचा सराव आधी करतो आणि पाहुणा संघ नंतर. दरवाजे उघडेपर्यंत बहुतेक ठिकाणी यजमानांचा सराव संपत आलेला असतो किंवा संपलेला असतो, त्यामुळे गावच्या मुलाला गावचाच खेळाडू कठड्याजवळ दिसत नाही. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर फटकावलेला चेंडू लागून एक लहान मुलगी गंभीर जखमी झाली, त्यानंतर २०१८ पर्यंत सर्व तीस संघांनी संरक्षक जाळ्या डगआउटच्या टोकापर्यंत वाढवल्या आणि पुढे त्या आणखी लांबवल्या गेल्या. जाळ्या हव्यातच, त्याबद्दल वाद घालणे अमानुष ठरेल. पण चेंडूचा धोका खेळ आणि सराव चालू असताना असतो. त्या आधी-नंतर जाळी वर घेण्याची किंवा एखादा भाग मोकळा ठेवण्याची सोय काही संघांनी केली आहे, ती सगळ्यांना करता येईल. महामारीच्या काळात पेन आणि चेंडू हातोहात देणे बंद झाले, तेही योग्य होते. मात्र तेव्हा तुटलेली सवय आपोआप परत आलेली नाही. अंतर राखणे सोयीचे असते हे त्या दोन मोसमांत संघांच्या ध्यानात आले.

आता तर नवा सल्ला असा की सहीचे दिवस संपले, सेल्फी घ्या. फोटोला हरकत नाही. पण फोटो मागणाऱ्याकडे फोन असावा लागतो, आणि आठ वर्षांच्या मुलाकडे तो नसतो किंवा नसावा. शिवाय फोटोत खेळाडूला काहीही करावे लागत नाही, तो चालता चालताही निघतो. सहीसाठी त्याला थांबावे लागते.

राहिला शेवटचा आणि सगळ्यांत व्यवहारी वाटणारा युक्तिवाद: ज्याला सही हवी त्याने ती विकत घ्यावी, म्हणजे ढोंगही नको आणि रांगही नको. अधिकृत दुकानात, होलोग्रामसह, किंमत लावलेली. हा युक्तिवाद खेळाच्या अर्थकारणाकडे डोळेझाक करतो. मेजर लीगमधले किमान वार्षिक वेतन २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर होते. हे पैसे तिकिटांतून, टीव्हीच्या वर्गणीतून, टोप्या-जर्सींतून येतात. म्हणजे त्याच लोकांच्या खिशातून. त्याहून महत्त्वाचे, ही मैदाने पुष्कळ ठिकाणी जनतेच्या पैशातून बांधलेली आहेत. मिलवॉकीचे स्टेडियम २००१ मध्ये उघडले, त्यासाठी आसपासच्या पाच काउंट्यांतल्या करपात्र खरेदीवर ०.१ टक्का जादा विक्रीकर १९९६ पासून २०२० पर्यंत वसूल केला गेला. तिथे वहीपेन विकत घेणाऱ्या, बेसबॉल कधीच न पाहणाऱ्या माणसानेही त्या कठड्याचे पैसे भरले आहेत. वॉशिंग्टनचे २००८ चे आणि मायामीचे २०१२ चे मैदानही मुख्यतः सरकारी पैशावर उभे राहिले. ज्या समाजाने छप्पर घातले, त्या समाजातल्या मुलाला दहा मिनिटे देणे ही खेळाडूची मेहेरबानी ठरत नाही. ती परतफेडही अपुरीच आहे.

ज्यांना मेजर लीगची तिकिटे परवडत नाहीत त्यांच्यासाठी मायनर लीगची छोटी मैदाने होती. तिथे कठडा ठेंगणा, तिकीट स्वस्त, आणि उद्याचा तारा आज विसाव्या वर्षी हसत सही देतो, कारण आजवर त्याच्याकडे ती फार कुणी मागितलेली नसते. २०२१ मध्ये मेजर लीगने आपल्याशी संलग्न अशा संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली. चाळीसेक गावांचा हा धागा एका फटक्यात तुटला. त्यांतल्या काही संघांनी स्वतंत्र किंवा विद्यार्थी लीगचा आसरा घेतला, पण उद्याचा मेजर लीग खेळाडू तिथून जाण्याची शक्यता पार उणावली. खेळाडू आणि चाहते यांच्यातले अंतर कुणी वाढवले याचा हिशेब मांडायचा तर हा निर्णय सर्वांत वर लिहावा लागेल, आणि त्यावर एकाही सही मागणाऱ्याचे नाव नाही. वसंत ऋतूतल्या फ्लोरिडा आणि ऍरिझोनाच्या सराव शिबिरांत अजून जुनी जवळीक शिल्लक आहे. तिथे खेळाडू निवांत असतात आणि सह्या सहज मिळतात. पण ऐन मार्चात विमानाने तिथे जाऊन राहणे ज्यांना जमते त्यांच्यापुरतीच ती सोय आहे.

उपायांसाठी नवी यंत्रणा उभारायला नको. आठवड्यातून एक-दोनदा दरवाजे यजमान संघाच्या सरावाआधी उघडावेत. कठड्याचा एक ठरावीक भाग चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी राखून ठेवावा आणि तिथे पाळीपाळीने दोन-तीन खेळाडू दहा मिनिटे थांबावेत, म्हणजे भार कुणा एका ताऱ्यावर पडणार नाही. सहीवर नाव लिहिण्याची पद्धत संघांनीच रूढ करावी. मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातला चालू करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो आहे. पुढच्या करारात या दहा मिनिटांचा उल्लेख आला तर कुणाचेही वेतन कमी होणार नाही. वर्दीतल्या खेळाडूंनी प्रेक्षकांशी बोलू नये किंवा मिसळू नये, असे एक कलम खेळाच्या नियमपुस्तकात आहे आणि काहीजण त्याकडे बोट दाखवतात. पण ते कलम सह्यांच्या आड आणण्याचा आग्रह आज कुठलाही संघ धरत नाही. उलट सह्यांच्या जागा आणि वेळा संघ स्वतःच जाहीर करतात. अडचण नियमाची नाही. जाहीर केलेल्या त्या वेळी खेळाडू तिथे हजर असण्याची हमी अजून कुणी घेतलेली नाही.